दुपारचा नमुना

सकाळची पहिली धार, मधली, स्वच्छ बाटलीत.
बावीस वर्षं काउंटरवर हेच म्हणत आलेय,
झोपेतही म्हणते, असं नवरा सांगतो.

कोंढव्यात आमची लॅब. खाली चिकन सेंटर, वर क्लास,
मध्ये आम्ही: एक सेंट्रिफ्यूज, एक कुरकुरणारा फ्रीज,
आणि डावा डोळा अधू झालेला मायक्रोस्कोप.

बाबिकर आधी तीनदा येऊन गेलेला.
बी.कॉम.चं दुसरं वर्ष, दारातून वाकून आत येणारा.
फाइल जाडजूड: मुतखड्याची शंका, सोनोग्राफी,
पुन्हा सोनोग्राफी, टीबीची तपासणी.
घरमालकीणबाईंनी सांगितलेलं कुळथाचं कढण
तेही त्यानं इमानेइतबारे प्यायलेलं.
तिन्ही वेळा नमुना सकाळचा.
तिन्ही वेळा मी लिहिलं:
तांबड्या पेशी आठ ते दहा. बाकी काही नाही.

बाकी काही नाही, हे लिहायला
पेनाला जराही जोर लागत नाही.

चौथ्यांदा आला तो भर दुपारी, लेक्चर बुडवून.
आमच्या बाथरूमला कुलूप, म्हणून गच्चीवरच्याला पाठवला,
तीन जिने धावत गेला, धावत आला.
बाटली हाताला कोमट. तळाशी लालसर.
गाळ काचेवर घेतला, स्क्रू फिरवला,
आणि माझ्या उजव्या डोळ्यात
ते.

लांबट, पारदर्शक, एका टोकाला काटा.
आत काहीतरी वळवळत होतं.

हे मी काढलं होतं की!
जर्नलमध्ये, एचबी पेन्सिलीनं, पाच मार्कांना.
काटा टोकालाच हवा, बाई ओरडल्या होत्या,
कडेला काढलास तर जंत बदलतो.
आणि मग हसून:
आपल्याकडे कुठे दिसतोय हा, पाठ करा झालं.

तांबोळीनं कपाटातून जुनं पुस्तक काढलं, धूळ झटकली, बोट ठेवून वाचलं:
अंडी उतरतात ती दहा ते दोनमध्ये.
म्हणजे ऊन चढतं तेव्हा. पोरं पाण्यात असतात तेव्हा.
जंताला तिथलं वेळापत्रक पाठ आहे,
पुण्यात येऊनही त्यानं ते बदललं नाही.

गावाला नदी आहे का रे?
नदी लांब आहे. कालवे आहेत, कापसाचे.
तुमच्या हडपसरला आहे तसाच, फक्त सरळ.
सगळे पोहतो.
लहानपणी लघवीतून रक्त जायचं?
तो हसला. पहिल्यांदाच.
सगळ्यांनाच जातं. मास्तर वर्गात विचारायचे,
कुणाकुणाला लाल होते?
अख्खी रांग हात वर.
ज्याचा हात खाली, त्याला आम्ही चिडवायचो,
हा अजून बाळच आहे.

मग इथे कुणाला बोलला का नाहीस?
ते आजारात धरतात, हे मला माहीत नव्हतं.

तिथे चष्मा नसलेल्या मास्तराचा एक प्रश्न पुरतो.
इथे माझ्याकडे चाळीस पट, शंभर पट मोठं दाखवणारी भिंगं.

आणि मुली? मी विचारलं. मुली हात वर करायच्या?
तो गप्प झाला. फाइलचा कोपरा दुमडला, सरळ केला.
मुलींना मास्तर विचारत नसत.
माझ्या बहिणीच्या ओटीपोटात दुखतं.
मूल होत नाही म्हणून तिला परत पाठवलीय.

डॉक्टरांनी वजन घेतलं, एकसष्ट.
गोळ्या वजनावर, एकाच दिवसात संपणाऱ्या,
त्या मात्र सदाशिव पेठेतून मागवाव्या लागल्या.

जाताना तो काउंटरशी रेंगाळला.
बहिणीसाठी कागदावर लिहून द्याल? तिथल्या दवाखान्यात दाखवायला?
मी रिपोर्टचा कोरा कागद ओढला.
दुपारी, दहा ते दोन.
आधी जिना चढव. जिना नसेल तर
थोडं पळ, असं लिहिलं,
मग ते खोडलं,
त्यांच्या गावात बायका पळतात का, मला कुठे माहीत.
भरभर चाल, असं लिहिलं.

संध्याकाळी कालव्याच्या पुलावर गाडी लावली.
पोरं सूर मारत होती, बायका चादरी आपटत होत्या.
इथली गोगलगाय तो जंत पोसत नाही, म्हणतात.
तरी खाली उतरले,
ओला दगड उलटा करून पाहिला.